पाठमोरे

उका पाओआ माझ्या कमरेला शिशाचा पट्टा बांधते
आणि म्हणते, अजून एक किलो लागेल.
बाई, तुम्ही हलक्या आहात.
बावन्न वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

हांगा रोआचा धक्का. रंग उडालेल्या चार होड्या,
मासळीच्या आतड्यांसाठी घिरट्या घालणारं म्हातारं कासव,
आणि तिचा मामा लाझारो, इंजिनाची दोरी ओढत
कुणाला तरी शिव्या देणारा. बहुधा इंजिनालाच.
मोठी जमीन इथून विमानाने पाच तास.

मुखवटा हाताने दाबून पाठीवर कोलमडायचं.
तोंडावर थंड चपराक,
मग निळं.
तळ लपवता न येणारं निळं:
वीस मीटर खालचा प्रवाळ
वाटीतल्या खडेमिठासारखा लख्ख.
कान ठणकले. नाक चिमटीत धरून फुंकलं,
आत कुणीतरी दार उघडलं.

तळाशी तो उभा.
लांब नाक, मिटलेले ओठ, कपाळावर शेवाळ.
एक जर्मन जोडपं त्याला मिठी मारून फोटो काढत होतं,
त्यांचे बुडबुडे त्याच्या हनुवटीवरून वर निघालेले,
वाटावं तोच श्वास सोडतोय.
केवढा जुना पूर्वज, मी मनात म्हटलं,
हात जोडायला गेले
आणि तोल जाऊन उताणी झाले.

उकाने पाटीवर पेन्सिलीने लिहिलं: खोटा.
मग माझा हात धरून त्याच्या पाठीमागे नेला.
पाठीला भगदाड, भगदाडात गंजकी सळई,
सळईला काटेरी काळे गोळे चिकटलेले, जिवंत.
सिमेंट.

वर आल्यावर लाझारो हसला, पुढचे दोन दात नसलेलं हसू.
मीच बुडवलाय त्याला.
शूटिंगवाले आले होते. काम संपल्यावर म्हणाले,
परत न्यायचं भाडं परवडत नाही.
दोन पेट्या बिअर आणि एक जाकीट मिळालं मला.
दोर सोडताना मात्र माफी मागितली.
तोंडवळा आमच्या बापावर गेला होता,
त्याला मी काय करू?

संध्याकाळी ताहाईला, खऱ्यांकडे.
चौथऱ्यावर ओळीने,
सगळ्यांची समुद्राकडे पाठ.
रुसलेत का, मी विचारलं.
ते गावाकडे बघतात, उका म्हणाली,
कोण उपाशी आहे, कोण कुणाच्या रताळ्यांत शिरलाय.
समुद्रावर काय लक्ष ठेवायचं? तो कुठे जातोय?

आमच्यात पाठराखण म्हणतात, मी सांगायला गेले
आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये अशी दमले
की पाण्यातही दमले नव्हते.
स्वतःच्या पाठीवर थापा मारत: ही पाठ. ही राखायची.
आणि आपल्यामागून जन्मतो, तो पाठचा भाऊ.
ती थांबली.
मला आहे तसा. इओवानी. वाल्पाराइसोच्या गोदीत.
रविवारी फोन करतो, बोलत काही नाही.
मी खिडकीबाहेर फोन धरते,
तो लाटा ऐकतो, मग ठेवतो.

एकालाच डोळे आहेत त्यांच्यात.
पांढऱ्या प्रवाळाचे, मधे लालसर दगडाचं बुबुळ.
म्हणजे समुद्राकडे पाठ करायची
आणि बघायचं त्याच्याच डोळ्यांनी.
हे डोळे नवे आहेत, उका म्हणाली. नंतर बसवलेत.
मग हा खोटं बघतो का?
तिने खांदे उडवले. बघतो ना, झालं.

रात्री अंथरुणात आठवेना,
त्या खालच्याचं तोंड कुणीकडे होतं?
फोटो काढून पाहिले: शेवाळ, जर्मन माणसाचा पाय,
आणि मी, उताणी.
सकाळी लाझारोला विचारलं.
गावाकडे वळवूनच सोडला होता, तो म्हणाला,
इंजिनाची दोरी मुठीला गुंडाळत.
पुढचं पाण्याला विचार.